सकाळच्या घाईत लहान मुलांचे सहकार्य कसे मिळवावे?

आबोली, फोंडा

सर्वांना नमस्कार. आमची धाकटी मुलगी चार वर्षांची आहे आणि या जूनपासून ती बालवर्गात जाऊ लागली आहे. शाळेची व्हॅन सव्वासात वाजता कोपऱ्यावर येते. सहाला उठवल्यापासून व्हॅन येईपर्यंत दात घासणे, अंघोळ, गणवेश, वेणी, नाश्ता आणि बूट यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी तिच्याशी स्वतंत्र वाटाघाटी कराव्या लागतात. ब्रश तोंडात धरून ती बेसिनसमोरच्या स्टुलावर उभी राहते, ब्रशचे केस चावत बसते, मग नळाचे पाणी गार आहे म्हणते, मग मांजराने दूध प्यायले का ते विचारते आणि तोवर पेस्टचा फेस कोपरापर्यंत ओघळलेला असतो. अंघोळीचे नाव काढले की उत्तर ठरलेले: "मागीर", म्हणजे नंतर.

मला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. शाळेतील बाई सांगतात की वर्गात चपला जागेवर ठेवणारी, हात धुऊन रांगेत बसणारी आणि डबा संपवून तो स्वतः बंद करणारी ती पहिली असते. म्हणजे तिला येत नाही असे नाही. घरात आम्ही चार मोठी माणसे आहोत. सासूबाईंना वाटते की भरवून, घालून मोकळे व्हावे; सासरे म्हणतात की सकाळच्या प्रहरी लेकरावर ओरडू नये; ह्यांचे म्हणणे की उद्यापासून कडक शिस्त लावायची, आणि तो 'उद्या' अजून उजाडलेला नाही. चौघांच्या चार सूचना एकाच वेळी तिच्या कानावर पडतात. तिने ऐकावे यासाठी आधी आम्ही कमी बोलायला हवे, असे माझे मत आहे. पण कमी बोलून काम पुढे कसे सरकवायचे, ते कळत नाही. तुमच्या घरी काय चालते?

दर्यादेग, मडगाव

आमचा मुलगा अगदी वेळेवर तयार होतो. ती वेळ त्याची असते, शाळेची नसते, एवढेच.

सुरंगी, म्हापसा

आबोलीताई, आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, साडेसहाच्या सुमारास सायकलवरून भोंगा वाजवत येतो. पोळ्या आणि उंडे (आपले पावच) घ्यायला जाण्याचे माझ्या मुलाला भारी वेड आहे. आम्ही घरात एकच नियम केला की पोदेराकडे अंघोळ झालेल्या माणसानेच जायचे. मग पिशवी त्याच्या हातात आणि पैसेही त्याच्याच हातात. आता भोंगा वाड्याच्या त्या टोकाला वाजला की तो आपण होऊन न्हाणीघराकडे पळतो. मी सांगितले तर तो माझा हुकूम होतो आणि हुकमाशी भांडता येते. भोंग्याशी भांडून उपयोग नसतो, कारण पोदेर कोणासाठी थांबत नाही.

स्पष्टवक्ता, साखळी

पोदेर गावाला गेला की मुलाची अंघोळही गावाला जाते का?

थट्टा बाजूला ठेवतो. मला या चर्चेचेच नवल वाटते. आम्ही पाच भावंडे होतो आणि आईची एक हाक ऐकली की ओळीने विहिरीवर उभे राहत होतो. हल्लीच्या आईवडिलांना मुलांना प्रत्येक गोष्ट विचारण्याची सवय लागली आहे. "अंघोळ करायची ना, बाळा?" असे विचारले की नकार येणारच, आणि त्या नकाराची तुमची तयारी नसते. मग विचारता कशाला?

निवृत्त मास्तर, डिचोली

स्पष्टवक्ता बाब, तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे, परंतु पाच भावंडांच्या दाखल्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तुम्ही आईच्या हाकेमुळे विहिरीवर जात होता, त्याहून अधिक पुढे चाललेल्या थोरल्या भावामुळे जात होता. लहान मूल सूचनेपेक्षा शेजारच्याकडे पाहून हलते. आबोलीताईंची मुलगी शाळेत शहाण्यासारखी वागते त्याचे अर्धे कारण हेच आहे. तिथे वीस मुले एकाच वेळी हात धुतात. घरी मात्र अंघोळ करणारी ती एकटी आणि तिच्याभोवती कपडे घालून तयार झालेली, घड्याळाकडे पाहणारी चार माणसे असतात.

दुसरे अर्धे कारण जागेचे आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत बालगृह सुरू केले, तेव्हा खुर्च्या, फळ्या, हात धुण्याची भांडी असे सर्व सामान मुलांच्या उंचीचे आणि त्यांना उचलता येईल अशा वजनाचे ठेवले, आणि बटणे लावणे, पुसणे, ओतणे या घरगुती कामांनाच शिक्षणाचा दर्जा दिला. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्या परिस्थितीला जुळवून घेतली. १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, आणि पुढे बोर्डी व कोसबाडला ताराबाईंनी महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने यांवर काम चालवले. या सगळ्याचा आपल्या न्हाणीघराशी संबंध असा की तिथली खुंटी मोठ्यांच्या डोक्याच्या वर असते, साबण कट्ट्यावर असतो, टॉवेल दोरीवर असतो आणि गणवेश कपाटाच्या वरच्या खणात असतो. प्रत्येक गोष्टीसाठी मुलाला कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि मग ते स्वतः काही करत नाही म्हणून आपण तक्रार करतो. आबोलीताई, एक फळी आणि दोन खुंट्या तिच्या छातीच्या उंचीवर लावून पाहा. सुतार नको असेल तर चिकटणारे हुकही चालतात.

काजूबी, केपे

हुकांना माझे अनुमोदन. मात्र आमच्याकडे सर्वांत जास्त उपयोग तक्त्याचा झाला. ब्रश, बादली, गणवेश, ताट आणि बूट यांची चित्रे मुलीनेच काढली आणि आम्ही ती न्हाणीघराच्या दाराला ओळीने लावली. एकेक काम झाले की ती त्या चित्राखाली चांदणी चिकटवते, आणि शनिवारी चांदण्या पुरेशा असतील तर आईस्क्रीम मिळते. आता "पुढे काय?" असे मी विचारते आणि उत्तर ती देते.

जुई, पर्वरी

काजूबी, तक्त्याला माझा पाठिंबा आहे, आईस्क्रीमला नाही. स्टॅनफर्डच्या बालवाडीत झालेला १९७३ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले गेले. पुढे मोकळ्या वेळेत रंगीत पेने समोर ठेवली तेव्हा त्या मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढली. ज्यांना काहीही न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळाले, त्यांची आवड मात्र टिकून राहिली.

काजूबी, केपे

हा प्रयोग मीही वाचला आहे, आणि तुम्हीच लिहिले आहे की त्या मुलांना चित्रे काढणे आधीपासून आवडत होते. दात घासणे मनापासून आवडणारे मूल मी तरी केपे तालुक्यात पाहिलेले नाही. जी आवड मुळातच नाही ती आईस्क्रीमने कमी कशी होणार? चांदण्या काही महिन्यांनी तिच्या लक्षातूनही जातील. तोवर सवय लागली म्हणजे झाले.

दर्यादेग, मडगाव

आमच्या मुलाने चांदण्यांची अख्खी पाकिटे स्वतः चिकटवून एका सकाळीच वर्षभराचे आईस्क्रीम मागितले होते. हिशेबात तो पक्का आहे, दातांत नाही.

दातांची डॉक्टर, पणजी

दातांचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करते. चार वर्षांच्या मुलाने दात स्वतः नीट घासावेत ही अपेक्षाच अवास्तव आहे. मनगट वळवून मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोहोचवण्याचे कौशल्य साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पुरते येत नाही, त्यामुळे तोपर्यंत घासण्याचे काम मोठ्यांनी करायचे असते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी फ्लोराइड असलेली पेस्ट पुरते. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लांब वळी घातली तर फेस कोपरापर्यंत येणारच!

आबोलीताई, तिला बेसिनसमोर उभी करून समोरून घासण्यापेक्षा तुम्ही खाली बसा, तिचे डोके मांडीवर घ्या आणि वरून घासा. दाढा नीट दिसतात, ब्रश हिरड्यांना लागत नाही आणि काम दोन मिनिटांत संपते. ब्रशवर पेस्ट घालणे, शेवटी थुंकणे आणि ब्रश धुऊन पेल्यात ठेवणे ही कामे तिची ठेवा. सकाळी फारच घाई असेल तर थोडी सवलत घ्या, पण रात्रीचे घासणे कधीही चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांना चिकटलेल्या अन्नाला रान मोकळे मिळते.

वाळपईचा पाऊस, वाळपई

एवढ्या उत्तरांत कोणीच विचारले नाही म्हणून विचारतो: मुलगी रात्री किती वाजता झोपते? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तासांची झोप लागते. सहाला उठणारे मूल रात्री साडेदहाला झोपत असेल आणि दुपारी दीड तास झोपत असेल, तर बेरीज ९ तासांवरच थांबते. अर्धवट झोपेतून उठवलेल्या मुलाकडे सहकार्य मागणे हे रिकाम्या टाकीची मोटारसायकल ढकलण्यासारखे आहे.

आपल्याकडील अडचणी मलाही ठाऊक आहेत. दुपारी दुकानेसुद्धा झोपतात त्या राज्यात मूल पाचपर्यंत झोपले तर कोणाला वावगे वाटत नाही, आणि रात्री जेवायला साडेनऊ होतात. आम्ही दुपारची झोप साडेतीनला संपवायची असे ठरवले आणि मुलाचे जेवण आठच्या आत उरकू लागलो. मालिका मोठ्यांनी नंतर पाहाव्यात. सकाळचा निम्मा तंटा तिथेच मिटला.

नातवंडांची आजी, पेडणे

आम्ही आज्या भरवतो म्हणून येथे आम्हाला नावे ठेवली जाणार हे पहिल्या पोस्टपासून दिसतच होते, म्हणून आता लिहिते. सकाळी सातला कोणत्याही लहान मुलाला भूक नसते. मलाही नसते. सुनेला वाटते की पाव-भाजीचे ताट संपलेच पाहिजे, आणि ताट संपवायचे तर भरवण्यावाचून मार्ग नसतो. माझ्या नातीला मी वाटीभर पातळ पेज देते आणि तोंडी लावायला आंब्याचे लोणचे किंवा ओल्या खोबऱ्याचा कीस देते. ती स्वतः वाटी तोंडाला लावून पिते, भरवावे लागत नाही. डबा थोडा मोठा द्यावा, शाळेत मधल्या सुट्टीत भूक लागते तेव्हा सगळे संपते. सासवांना शिस्त लावण्यापूर्वी सुनांनी ताट लहान करावे.

सुरंगी, म्हापसा

आजी, मनातले बोललात. काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे ते मुलाने, असा सल्ला आहारतज्ज्ञही देतात; तुमची वाटी त्यात चपखल बसते.

स्पष्टवक्ता, साखळी

पेज पटली. पण ती पिताना समोर मोबाइल असतो का, तेही आजींनी सांगावे.

नातवंडांची आजी, पेडणे

माझ्या स्वयंपाकघरात मोबाइल नाही. मुलाच्या घरी असतो, त्याचे उत्तर मुलाकडे मागा.

जुई, पर्वरी

मोबाइलचा मुद्दा आमच्याकडे पेटलेला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, ही मर्यादा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलेली आहे. परंतु सकाळच्या वेळी प्रश्न किती वेळ पाहिला हा नसून बंद कसा करायचा हा असतो. "अजून दोन मिनिटे हं" अशी आगाऊ सूचना द्यावी असे सगळीकडे वाचायला मिळते. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली याचा अभ्यास केला, तेव्हा उलटाच प्रकार दिसला. दोन मिनिटांची सूचना मिळालेली मुले पडदा बंद होताना अधिक त्रागा करत होती. याउलट, पाहणे संपण्याची जागा रोजच्या क्रमातच ठरलेली असली, किंवा कार्यक्रम आपोआप संपला, तर मुले तुलनेने सहज उठत होती. आमच्याकडे आपोआप पुढचे गाणे सुरू होण्याची सोय बंद केली आणि सकाळचा मोबाइल पूर्ण काढून टाकला. पहिले काही दिवस फार वाईट गेले. नंतर मुलाने विचारणेच सोडले.

मला यात सुरंगीताईंच्या पोदेराचीच गोष्ट दिसते. कोणी माणूस मध्ये पडून थांबवतो तेव्हा मूल त्या माणसाशी लढते.

वाळपईचा पाऊस, वाळपई

बरोबर आहे, पण पोदेरावर सगळा भार टाकू नये. आमच्याकडे जुलैत झाडे पडून रस्ता बंद होतो आणि पोदेर आठला येतो. घड्याळाची वेळ चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, कामांचा क्रम कळतो. त्यामुळे अंघोळीनंतर गणवेश, गणवेशानंतर पेज, पेजेनंतर वेणी, असा एकामागून एक क्रम रोज तोच ठेवला तर बाहेरचा भोंगा वाजला नाही तरी चालते. "पेज कधी मिळणार?" याचे उत्तर "गणवेश झाला की" एवढेच असावे. यात धमकी नाही आणि विनवणीही नाही.

दर्यादेग, मडगाव

तज्ज्ञांचा दुसरा आवडता सल्ला राहिला: मुलाला दोन पर्याय द्या. "निळा शर्ट घालणार की पिवळा?" असे मी विचारले. त्याने हिरवा मागितला. हिरवा शर्ट आमच्या घरात कोणाकडेच नाही.

काजूबी, केपे

गणवेशाच्या बाबतीत पर्याय नसतो हे किती बरे!

आबोली, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. लगेच लिहायचे नाही, थोडे करून पाहून मग लिहायचे असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे न्हाणीघराबाहेर खालच्या उंचीवर हुक लावले. गणवेश, मोजे आणि चड्डी ती रात्रीच त्या हुकांना अडकवते. पावसामुळे कपडे पंख्याखाली वाळवावे लागतात, तेव्हा "माझा गणवेश वाळला का?" हे तपासण्याचे कामही तिने स्वतःकडे घेतले आहे. दात मी मांडीवर घेऊन घासते. ती तक्रार जवळजवळ संपली. रात्रीचे जेवण लवकर करण्यास सासऱ्यांचा विरोध होईल असे वाटले होते, पण ते स्वतःच तिच्यासोबत आठला जेवायला बसू लागले. सर्वांत अवघड गेले ते माणसे कमी करणे. सकाळी तिच्याशी कामाबद्दल फक्त मी बोलायचे असे ठरले आहे. सासूबाईंनी वेणी आपल्याकडे मागून घेतली, आणि वेणी घालताना त्या गोष्ट सांगतात, त्यामुळे मुलगी स्वतः फणी घेऊन त्यांच्यासमोर बसते. ह्यांना गप्प राहण्याचे काम दिले आहे. ते कधी जमते, कधी जमत नाही.

अंघोळ मात्र अजूनही जशीच्या तशी आहे. बादलीत पाणी ऊन असो वा कोमट, "म्हाका नाका" (मला नको) म्हणून ती दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी राहते.

जुई, पर्वरी

मग अंघोळ संध्याकाळी घाला. पावसाळ्यातल्या अंधारात, झोपेतून उठल्याबरोबर अंगावर पाणी कोणाला हवे असते? संध्याकाळी खेळून चिखलात माखून आल्यावर ती आपण होऊन पाण्यात शिरेल, आणि त्यानंतर झोपही लवकर येईल.

आबोली, फोंडा

हा विचार माझ्याही मनात आला होता, पण अंघोळीशिवाय सकाळी काही खायचे नाही आणि देवघरात जायचे नाही, ही आमच्या घरची रीत आहे. सासूबाईंना ते रुचणार नाही.

नातवंडांची आजी, पेडणे

तुमच्या सासूबाईंना माझा निरोप सांगा. चार वर्षांच्या मुलीला कसले आले आहे सोवळे? हातपाय आणि तोंड धुऊन, स्वच्छ कपडे घालून देवाला नमस्कार केला की पुरे. मी स्वतः रोज पूजा करते, तरी नातीची अंघोळ पावसाळ्यात तिन्हीसांजेलाच घालते. ऑक्टोबरचे ऊन सुरू झाले की ती सकाळीसुद्धा हट्टाने पाणी मागते.

स्पष्टवक्ता, साखळी

आजींच्या शब्दापुढे माझे काही चालत नाही. मात्र आबोलीताईंचा मूळ प्रश्न अजून अर्धा शिल्लक आहे असे मला वाटते. जी मुलगी शाळेत अनोळखी बाईंचे ऐकते, ती जन्मदात्या आईचे का ऐकत नाही? याचे उत्तर हुकांत नाही.

निवृत्त मास्तर, डिचोली

नाही, हुकांत नाही. पस्तीस वर्षे बालवर्गाशेजारच्या वर्गात शिकवताना जे पाहिले त्यावरून सांगतो. लहान मूल शाळेत स्वतःला सतत आवरत असते: रांगेत थांबते, पाळी येईपर्यंत खेळणे मागत नाही, रडू आले तरी दाबते. या वयात स्वतःवर ताबा ठेवण्याची ताकद फार थोडी असते, आणि ती दिवसभराची शिदोरी तिथे खर्च होते. घरी नकार दिला तरी आपल्याला कोणी टाकणार नाही याची त्याला खात्री असते, म्हणून ते घरी नकार देते. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात शांतपणे डबा खाणारी मुले फाटकाबाहेर आई दिसताच दप्तर फेकून रडताना मी कित्येकदा पाहिली आहेत. ती रडणे त्या आईसाठीच राखून ठेवत असत.

मात्र एक अपवाद ध्यानात ठेवावा. जे मूल घरी आणि शाळेतही, दोन्हीकडे, ब्रश, पाणी, केस विंचरणे किंवा कपड्यांचा स्पर्श अजिबात सहन करू शकत नाही, किंवा नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, त्याला हट्टी ठरवून बसू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभाग आहे. आबोलीताईंच्या मुलीबाबत असे काही दिसत नाही.

आबोली, फोंडा

मास्तर, तुमच्या उत्तराने धीर आला. आजींचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी "पेडण्याच्या त्या कोण?" असे विचारले आणि सोमवारपासून संध्याकाळच्या अंघोळीला होकार दिला.

आता शेवटची शंका. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही मूळ घरी जातो. तिथे चुलत भावंडे, रात्री उशिरापर्यंत आरत्या आणि फुगड्या, सकाळी कोणी उठवत नाही. एवढ्या कष्टाने बसवलेला क्रम तिथे मोडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?

वाळपईचा पाऊस, वाळपई

मोडेल, आणि मोडू द्यावा. गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना घरात पोरे नसतील तर चवथ कसली? शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी घरी परता आणि जेवण पुन्हा आठला सुरू करा. एकदा बसलेला क्रम दुसऱ्यांदा बसायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

दातांची डॉक्टर, पणजी

झोपेची सूट माझ्याकडूनही मंजूर आहे, दातांची नाही. नेवऱ्या आणि मोदक दिवसभर हाताशी असतात, तेव्हा त्या दिवसांत रात्रीचे घासणे तर मुळीच चुकवू नये. सगळ्या भावंडांना एका ओळीत बसवा आणि एकाच मोठ्या माणसाने सर्वांचे दात घासा. मास्तरांचे म्हणणे खरे असेल तर तुमची मुलगी सर्वांत पुढे बसलेली सापडेल. ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा असू द्या.